‘एएस’ अहवाल हातात आल्यावर

प्रिय बेटा,

कॉलेजातल्या तपासणीत तुझा सिकलसेलचा, म्हणजे आईबाबांकडून जनुकातून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, अहवाल ‘एएस’ आला आणि तेव्हापासून घरात कुणी नीट जेवत नाही, असं तू लिहिलंस. तर आधी हे ऐक. तू आजारी नाहीस. तू वाहक आहेस, म्हणजे या आजाराच्या जनुकाची एकच प्रत तुझ्यात आहे, आणि वाहक पुढे वय वाढलं म्हणून रुग्ण होत नाही. एवढं वाक्य आईला आजच वाचून दाखव.

आता त्यामागचं जीवशास्त्र. ते परीक्षेसाठी पाठ करू नकोस, स्वतःसाठी समजून घे. पक्व लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं. ती जवळजवळ सगळी हिमोग्लोबिननेच, म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या प्रथिनानेच भरलेली असते. त्याच्या एका रेणूत चार साखळ्या, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. सिकलसेलमध्ये त्यातलं फक्त सहावं बदलतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येतं. व्हॅलीन पाण्यापासून दूर राहू पाहतं. म्हणून ऑक्सिजन देऊन झाला की असे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे ताठ तंतू तयार होतात आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकते. हा दोष हिमोग्लोबिनमध्ये आहे, हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवलं. एखाद्या आजाराचं मूळ थेट एका रेणूत सापडण्याची ती पहिलीच वेळ होती.

पुढचं सगळं यातूनच उलगडतं. केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात की निरोगी पेशीलाही त्यातून दुमडून जावं लागतं. ताठ पेशी तिथे अडकते, पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही. रुग्णाच्या सांध्यांत, छातीत, पोटात उठणाऱ्या असह्य वेदना त्या याच. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते, विळ्याच्या आकाराची 10 ते 20 दिवसांत फुटते. अस्थिमज्जेला तेवढ्या वेगाने भर घालता येत नाही, म्हणून रक्त कमी. हे रक्त कमी होणं लोहाच्या अभावाने नसतं, त्यामुळे रुग्णाने डॉक्टरांना न विचारता लोहाच्या गोळ्या घेत राहू नये. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्याकडे अशक्तपणा म्हटला की आधी त्याच गोळ्या आठवतात.

तुझ्याकडे या जनुकाची एक प्रत सिकलची आणि एक नेहमीची आहे. तुझ्या पेशींत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन साधं आहे, म्हणून रोजच्या जगण्यात ते तंतू बनत नाहीत. पोलीस भरतीसाठी धावतेस ना? खुशाल धाव. फक्त उन्हाळ्यात पाणी पीत राहा, सराव हळूहळू वाढव, आणि अंग फार दुखलं किंवा श्वास अडकला तर थांब.

हे कुणाच्या पापाचं फळ आहे, असं शेजारची कुणी म्हणाली असेल तर तिलाही कारण सांग. वाहक मुलं फॅल्सिपॅरम या घातक प्रकारच्या हिवतापाच्या (मलेरियाच्या) जीवघेण्या झटक्यातून जास्त संख्येने वाचली, म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे हे जनुक टिकलं. आफ्रिकेत टिकलं तसंच आपल्या गडचिरोलीत आणि नंदुरबारातही.

खरा विचार करायचा तो लग्नाच्या वेळी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ म्हणजे रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते. पहिलं मूल रुग्ण निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नाही. शक्यता दर वेळी नव्याने तेवढीच. जोडीदार ‘एए’ असेल, म्हणजे त्याच्या दोन्ही प्रती नेहमीच्या असतील, तर सिकलसेलचं रुग्ण मूल होत नाही, फार तर वाहक होईल. मात्र जोडीदार बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा, वाहक असला तरी मूल आजारी होऊ शकतं, म्हणून त्याची तपासणी पूर्ण हवी. सोल्युबिलिटी चाचणी फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्यांवर कळतं. अहवाल लपवून जमवलेलं लग्न मला अजिबात मान्य नाही, मग स्थळ कितीही चांगलं असो.

रुग्णांसाठीही आज बरंच काही आहे. बाळाच्या रक्तात पहिले काही महिने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन असतं, त्यात बीटा साखळीच नसते, म्हणून त्या काळात त्रास दिसत नाही. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध तेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं; त्यात 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं.

तुझ्यात हे जनुक आई किंवा बाबांकडून आलं, म्हणजे धाकट्या भावातही असू शकतं. या आठवड्यात त्याला आणि आईबाबांना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तुझा अहवाल सोबत ने. तिथल्या ताई काय म्हणाल्या ते मला कळव.

तुझी,
बाई