बडोद्याच्या कारखान्यात मालगाडीने आलेल्या पोत्यांपैकी काही भिजलेली निघाली. रेल्वेकडून भरपाई कशी मिळवायची?

आधी माल उचलू नका. पोती भिजलेली दिसताच ओपन डिलिव्हरी, म्हणजे रेल्वेच्या माणसांसमोर माल उघडून तपासून घेणं, मागा. नुकसानीची नोंद रेल्वेच्या कागदावर हवी. नुकसानीची नोंद नसलेल्या पावतीवर सही करून नंतर भांडणारे आमच्या बडोद्याच्या मकरपुऱ्यात कमी नाहीत!

मग रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 106 प्रमाणे सहा महिन्यांत लेखी नोटीस द्या. मुदत माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून मोजतात, तुमच्याकडे पोचल्यापासून नव्हे. इथेच बरेच जण फसतात. सोबत रेल्वे रिसीट (माल बुक केल्याची पावती) आणि मालाचं बिल जोडा.

नोटिशीने नाही जमलं, तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात जा. आपल्याला अहमदाबादचं खंडपीठ. तिथली मुदत तीन वर्षं, तीही बुकिंगपासूनच. माल 'ओनर्स रिस्क'वर, म्हणजे मालकाच्या जोखमीवर पाठवलेला असेल तर रेल्वेचा निष्काळजीपणा तुम्हालाच सिद्ध करावा लागेल.