लंडनहून न्यूयॉर्कला पहिल्यांदाच जाताय ना?

लंडनच्या ट्यूबची, म्हणजे भुयारी रेल्वेची, सवय घेऊन गेलात की पहिला गोंधळ न्यूयॉर्कच्या सबवेतच होतो. तिथल्या बऱ्याच स्टेशनांवर अपटाउन (उत्तरेकडे) आणि डाउनटाउन (दक्षिणेकडे) जाणाऱ्या गाड्यांचे जिनेच वेगळे, रस्त्याच्या दोन बाजूंना. पाटी वाचून मगच उतरा. मी चुकीच्या बाजूने आत शिरलो आणि दुसऱ्यांदा भाडं भरून मोकळा झालो! एक्सप्रेस गाडी मधली स्टेशनं गाळते, हे ज्ञान मला थेट उत्तरेकडच्या हार्लेमला पोचल्यावर झालं. कार्ड मात्र फक्त आत जाताना टेकवायचं. जवळ जा की लांब, भाडं तेच.

पत्ता शोधणं सोपं आहे. १८११ च्या आराखड्यामुळे मॅनहॅटनमध्ये ॲव्हेन्यू उभे, स्ट्रीट आडवे. उत्तरेकडे वीस ब्लॉक चाललात की साधारण मैल झाला. ब्रॉडवे तेवढा तिरका.

दुकानात बऱ्याच वस्तूंच्या लिहिलेल्या किमतीवर ८.८७५ टक्के विक्रीकर गल्ल्यावर चढतो. वर रेस्टॉरंटमध्ये १८-२० टक्के टीप, आणि तीही हसतमुखाने. आपल्याला ते जड जातं, पण इलाज नाही.

स्वातंत्र्यदेवीचा पुतळा लांबून पाहिला तरी चालणार असेल तर स्टेटन आयलंडची बोट पकडा, चक्क फुकट आहे. जाताना उजव्या कठड्याशी उभे राहा.