वाऱ्यासाठी दोन दिवस कोरे ठेव

रत्नागिरी

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा प्रवासाचा आराखडा मिळाला. नऊ दिवसांत नीस, मार्सेय, बार्सिलोना आणि रोम अशी चार शहरे तू घेतली आहेस आणि प्रत्येक दिवसाची सकाळ, दुपार, संध्याकाळ कशाने ना कशाने भरून टाकली आहेस. आई पहिल्यांदाच परदेशी निघाली आहे आणि तिला भूमध्य समुद्र दाखवायचा आहे, हे वाचून मला फार आनंद झाला. म्हणूनच स्पष्ट लिहितो, की या आराखड्याप्रमाणे गेलात तर आईला समुद्रापेक्षा स्थानके आणि विमानतळच जास्त दिसतील. चारांपैकी एकच शहर घे. मी मार्सेय सुचवतो. आपण जुन्या पुस्तकांत ज्याला मार्सेलिस म्हणून ओळखतो, तेच हे शहर. इसवी सनापूर्वी ६००च्या सुमारास ग्रीक दर्यावर्द्यांनी वसवलेले हे फ्रान्समधले सर्वांत जुने शहर आठ दिवसांतही पुरे होत नाही.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या आराखड्यात वाऱ्याला कुठेच जागा नाही. मार्सेयमध्ये मिस्त्राल नावाचा वारा वाहतो. पश्चिम फ्रान्सच्या बाजूला हवेचा दाब जास्त आणि जिनोव्हाच्या आखातावर कमी असा फरक पडला, की उत्तरेकडची थंड, कोरडी हवा आल्प्स आणि मध्य फ्रान्सचे पठार यांच्यामधल्या ऱ्होन नदीच्या अरुंद खोऱ्यातून समुद्राकडे धाव घेते. ताशी १०० किलोमीटरच्या वरही तिचा वेग जातो. आभाळ अशा वेळी इतके निळे आणि स्वच्छ असते, की खोलीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला बाहेर काय चालले आहे याची कल्पनाही येत नाही. हा वारा कधी एका दिवसात थांबतो, तर कधी तीन-चार दिवस मुक्काम ठोकतो. तेवढे दिवस बेटांकडे जाणाऱ्या होड्या बंद राहतात.

माझ्या पहिल्या खेपेला मी ईफच्या किल्ल्याची फेरी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवली होती. पहिल्या फ्रान्सिस राजाने १५२४ ते १५३१ या काळात बांधलेला आणि पुढे तुरुंग झालेला तो किल्ला धक्क्यावरून होडीने जेमतेम वीस मिनिटांवर आहे. आदले चार दिवस समुद्र आरशासारखा शांत होता आणि आम्ही बाजारात फिरत होतो. पाचव्या दिवशी मिस्त्राल सुटला आणि तिकीटघराच्या खिडकीवर फेऱ्या रद्द झाल्याची पाटी लागली. माझ्या पत्नीला तो किल्ला आत जाऊन पाहायचा होता. आम्ही धक्क्यावर तासभर थांबलो, तिने तो दुरूनच पाहिला, आणि पुन्हा तिकडे जाण्याचा योग तिला आला नाही. तेव्हापासून जो कोणी मला त्या किनाऱ्याबद्दल विचारतो, त्याला मी हेच सांगतो, की पाण्यावरची आणि डोंगरकड्यांवरची ठिकाणे पहिल्या तीन दिवसांत घ्यावीत, संग्रहालये आणि बाजार मागे ठेवावेत, आणि मधले दोन दिवस आराखड्यात पूर्ण कोरे सोडावेत.

नववीत मी तुम्हाला भूमध्यसागरी हवामान शिकवले होते: उन्हाळे कोरडे, पाऊस हिवाळ्यात. परीक्षेपुरते ते वाक्य तू पाठ केले असशील. आता तारखा ठरवताना त्याचा खरा उपयोग आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे कडक ऊन, गर्दी आणि महागाई तिन्ही एकदम असतात. मे महिन्यात हवा सुंदर असते, पण समुद्राचे पाणी अजून गार असते. माझे मत विचारशील तर घरचे गणपती आटोपून सप्टेंबरच्या उत्तरार्धात निघा. उन्हाळाभर तापलेले पाणी तेव्हा कोमट असते आणि गर्दी ओसरलेली असते. एखाद्या दिवशी जोराचा पाऊस येऊ शकतो, म्हणून छत्रीऐवजी टोपीचा रेनकोट घे. त्या वाऱ्यात छत्री टिकत नाही. आणखी एक लक्षात ठेव. मिस्त्राल वरचे कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि खालचे गार पाणी वर येते, त्यामुळे काल ज्या पाण्यात सुखाने पोहलो, तेच आज अंगावर काटा आणते. आईला पाण्यात उतरायचे असेल तर वारा पडल्यावर एक-दोन दिवस जाऊ देत.

व्हिसाचे काम मात्र आजच सुरू कर. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. पण उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणेच अवघड होते, म्हणून शेवटच्या महिन्यावर काही ठेवू नकोस. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार, त्या देशाकडे मागायचा असतो. तुझ्या चार शहरांच्या आराखड्यात हा हिशोब घोळाचा झाला असता. सगळे दिवस फ्रान्समध्ये असले की प्रश्नच उरत नाही. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध हवा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आईचा विमा काढताना आधीपासूनच्या आजारांबद्दलचे कलम स्वतः वाच, एजंटाच्या शब्दावर विसंबू नकोस. फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्सेयमध्ये आपले महावाणिज्य दूतावास सुरू झाले आहे. पासपोर्ट हरवला तर पॅरिस गाठावे लागणार नाही, एवढा त्याचा आधार आहे. पत्ता कागदावर लिहून आईच्या पर्समध्येही ठेव.

मुंबईहून मार्सेयला थेट विमान नाही. पॅरिसपर्यंत विमानाने जा आणि पुढे वेगवान रेल्वेने. पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकापासून सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. काही गाड्या पॅरिसच्या विमानतळाखालच्या स्थानकातूनच थेट सुटतात, आणि सामान व आई दोन्ही सोबत असताना तीच गाडी बरी. तिकीट जितके लवकर काढशील तितके स्वस्त पडेल, पण विमान उतरणे आणि गाडी सुटणे यांत चार तासांचे अंतर ठेव. मार्सेयचे सेंट शार्ल स्थानक टेकाडावर आहे. बाहेर आलात की समोर १०४ पायऱ्यांचा भव्य जिना उतरत जातो आणि त्याच्या टोकाला सगळे शहर पसरलेले दिसते. तिथे दोन मिनिटे थांबा. मात्र बॅगा घेऊन तो जिना उतरू नका, स्थानकातूनच मेट्रो आहे.

मुक्काम जुन्या बंदराच्या, म्हणजे व्हिए पोरच्या चालत्या अंतरावर कर. ल पानिए ही जुनी वस्ती चित्रांत फार मोहक दिसते, पण तिथल्या गल्ल्या चढ-उताराच्या आहेत आणि बऱ्याच इमारतींना लिफ्ट नाही; आईच्या गुडघ्यांचा विचार करून खोली ठरव. मोबाइल हातात धरून रस्त्यात उभा राहू नये, पाकीट मागच्या खिशात ठेवू नये, एवढी काळजी पुरेशी आहे. दुकानात शिरताना आधी 'बोंजूर' म्हणायचे आणि मगच काय हवे ते विचारायचे. ते न म्हणणे तिथे उद्धटपणाचे समजले जाते, आणि आपल्या लोकांना तिथली माणसे तुसडी वाटतात त्याचे निम्मे कारण हेच आहे.

आई शाकाहारी आहे, याची तू फार चिंता केली आहेस. मार्सेयमध्ये पानिस नावाचा पदार्थ मिळतो. हरभऱ्याच्या पिठाचा पिठल्यासारखा घट्ट गोळा शिजवतात, गार झाल्यावर त्याच्या चकत्या करतात आणि तेलात तळतात. वरून कुरकुरीत, आतून मऊ. आईला पाटवडीची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. नोआईच्या बाजारात उत्तर आफ्रिकेतून आलेल्या लोकांची दुकाने आहेत. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, डाळी, जिरे सगळे मिळते आणि भाज्यांचा कुसकुस, म्हणजे वाफवलेल्या रवाळ दाण्यांवर रस्सा, तोही पोटभर मिळतो, फक्त त्याचा रस्सा मांसाच्या पाण्यातला नाही ना, हे विचारून घ्या. तू मासे खाणारा जीव आहेस, तेव्हा बुइयाबेस, म्हणजे तिथला माशांचा प्रसिद्ध रस्सा, एकदा जरूर खा. पण जिथे ती स्वस्तात मिळते तिथे खाऊ नकोस. १९८० मध्ये तिथल्या काही हॉटेलचालकांनी एकत्र येऊन या पदार्थाची सनद केली. तिच्यात ठरलेल्या माशांपैकी किमान चार प्रकार हवेत, असा दंडक आहे. खरी बुइयाबेस महाग असते आणि बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी सांगावी लागते.

ते मासे कुठून येतात हे पाहायचे असेल, तर सकाळी जुन्या बंदराच्या तोंडाशी जा. फार थोडी दुकाने उरली आहेत, आपल्या मिरकरवाड्याच्या मानाने काहीच नाहीत. उथळ ट्रेमध्ये समुद्राचेच पाणी घालून त्यात मासे ठेवलेले असतात आणि त्यांतले कित्येक अजून शेपटी आपटत असतात. काटेरी, विटकरी रंगाचा, मोठ्या डोक्याचा रासकास तिथे पाहा. बुइयाबेसचा खरा मानकरी तोच. विकणाऱ्या बायकांचा आवाज आणि भाव सांगण्याची तऱ्हा ऐकून तुला भाषा कळली नाही तरी अर्थ कळेल.

त्याच धक्क्यावर मी एक गोष्ट पाहिली होती. सकाळी उभ्या दगडी भिंतीवर पाणी जिथे टेकले होते, ती ओली हिरवट रेषा मी लक्षात ठेवली. संध्याकाळी परत येऊन पाहिले तर पाणी जवळजवळ तिथेच. आपल्याकडे सहा तासांत होड्या चिखलात कलंडतात आणि पुन्हा तरंगू लागतात. तिथे भरती-ओहोटीचा फरक वीतभर, फार तर हातभर. जिब्राल्टरच्या चिंचोळ्या तोंडामुळे महासागराची भरती आत पोचत नाही, हे मी वर्षानुवर्षे शिकवले होते, पण त्या भिंतीपाशी उभा राहीपर्यंत ते मला खरे कळले नव्हते. आई किनाऱ्यावर वाढलेली आहे. तिला ती भिंत दाखव.

नोत्र दाम द ला गार्द या टेकडीवरच्या चर्चला चालत जाऊ नका, ६० क्रमांकाची बस थेट वर जाते. आत गेल्यावर मान वर करून पाहा: छताखाली लहान लहान जहाजांच्या प्रतिकृती टांगलेल्या आहेत. वादळातून वाचलेल्या खलाशांनी फेडलेले ते नवस आहेत. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाच्या वस्तू वाहताना आईने पाहिले असेल, तर तिला काही समजावून सांगावे लागणार नाही.

सावरकरांच्या उडीची जागा पाहायची आहे, असे तू लिहिलेस. ८ जुलै १९१० च्या सकाळी मोरिया बोटीच्या शौचकूपाच्या गवाक्षातून त्यांनी समुद्रात उडी घेतली, पोहत धक्का गाठला, आणि फ्रेंच भूमीवर पकडले जाऊनही त्यांना बोटीवर परत नेण्यात आले. त्यावरून फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यातला वाद हेगच्या लवादापुढे गेला आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. हे वाचून गेलास तर बंदराकडे पाहण्याची नजर बदलेल. पण हे लक्षात घे, की सुएझ कालव्यानंतर पूर्वेकडच्या बोटींची वर्दळ वाढली ती जुन्या बंदरात नव्हे, उत्तरेला जोलिएतच्या बाजूला बांधलेल्या नव्या गोद्यांमध्ये. आणि तो भाग आजही चालते बंदर असल्यामुळे कुंपणाच्या आत जाता येत नाही. जोलिएतला समुद्राकडे उघडणारी गच्ची असलेले मोठे व्यापारी संकुल आहे, तिथून धक्के, बोटी आणि लाटरोधक बांध सगळे दिसते. संध्याकाळी तिथे जा.

आपल्या माणसांची आणखी एक खूण शहराच्या दक्षिणेला आहे. सप्टेंबर १९१४ मध्ये लाहोर डिव्हिजनचे भारतीय सैनिक याच बंदरात उतरले आणि इथूनच उत्तरेच्या आघाडीवर गेले. माझार्ग इथल्या युद्ध दफनभूमीत त्यांच्यापैकी अनेकांच्या नोंदी आहेत आणि भारतीय सैनिकांचे स्वतंत्र स्मारकही आहे. तिथे गर्दी नसते. कालांकच्या वाटेवरच हा भाग लागतो, अर्धा तास काढ.

कालांक म्हणजे पांढऱ्या चुनखडीच्या कड्यांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या घळी. २०१२ पासून तो सारा भाग राष्ट्रीय उद्यान आहे. जून ते सप्टेंबर वणव्याच्या भीतीमुळे डोंगरात प्रवेश मिळेल की नाही हे आदल्या संध्याकाळी जाहीर होते, आणि सुजितों या घळीत ऐन उन्हाळ्यात दिवसाला ४०० जणांनाच, तेही आगाऊ पण विनाशुल्क नोंदणी करून सोडतात. आईला तिथे चालवू नकोस. तिच्यासाठी जुन्या बंदरातून निघणारी होडी आहे, ती समुद्राच्या बाजूने कडे दाखवून आणते. तू एकट्याने एका सकाळी जा, दोन लिटर पाणी घेऊन. वाटेत प्यायचे पाणी कुठेच नाही.

नवा आराखडा तयार झाला की मला पाठव. त्यात होडीची फेरी पहिल्या तीन दिवसांत आणि मधले दोन दिवस कोरे दिसले पाहिजेत. आईला माझा नमस्कार सांग.

तुझे
सर