सिगारेटच्या धुराने पिवळे पडलेले घर रंगवताना

प्रश्न : आम्ही नाशिकमध्ये एक जुना फ्लॅट नुकताच विकत घेतला. आधीचे मालक बरीच वर्षे हॉलमध्ये बसून सिगारेट ओढत असत, असे शेजाऱ्यांकडून कळले. भिंती आणि छत पिवळसर तपकिरी झाले आहे, तसबिरी काढल्या तिथे पांढरे चौकोन दिसतात आणि दार उघडताच वास येतो. देवघराच्या वरची भिंत समईच्या काजळीने काळी पडली आहे. लांबी (भिंत सपाट करायची पुट्टी) भरून प्लास्टिक इमल्शनचे दोन हात दिले की सगळे झाकले जाईल, असे रंगारी म्हणतो. दसऱ्याला राहायला जायचे आहे आणि घरात दोन वर्षांचे मूल आहे. रंगाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. कोऱ्या किंवा साध्या मळलेल्या भिंतीला ही पद्धत चालते, पण आपल्या भिंतींवर ती टिकणार नाही. सिगारेटच्या धुरातले निकोटीन आणि डांबरासारखा चिकट अंश भिंतीवर थरांनी साचतो आणि त्यातला बराच भाग पाण्यात विरघळतो. लांबी आणि इमल्शन या दोन्हींमध्ये पाणी असते. ते वाळताना विरघळलेला पिवळेपणा आपल्याबरोबर वर ओढून आणते, आणि काही दिवसांतच नव्या पांढऱ्या रंगावर तपकिरी डाग किंवा ओघळ उमटतात. मग तिसरा हात दिला काय आणि चौथा दिला काय, डाग पुन्हा वर येतोच.

म्हणून रंगापूर्वी धुणे, हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे. पाच लिटर कोमट पाण्यात सुमारे अर्धी वाटी धुण्याचा सोडा विरघळवावा, हातमोजे घालावेत आणि स्पंजाने भिंत खालून वर धुवावी. वरून सुरुवात केली, तर कोरड्या पिवळ्या भिंतीवर उतरलेल्या ओघळांचे पट्टे नंतर निघता निघत नाहीत. पंख्याजवळच्या छताचा तळहाताएवढा भाग आधी पुसून पाहा. पांढऱ्या फडक्याला कोऱ्या चहाचा रंग आला, तर किती थर साचला आहे याची कल्पना रंगाऱ्यालाही येईल. पाणी वरचेवर बदलावे आणि शेवटी दोनदा स्वच्छ पाण्याने वरून खाली पुसून घ्यावे. हा शेवटचा टप्पा गाळू नये, कारण भिंतीवर उरलेला सोडा पुढच्या तेलयुक्त प्रायमरची, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पहिल्या थराची, पकड बिघडवतो. भिंतीला साधा डिस्टेंपर असेल, तर तो धुताना सुटू लागेल. तसे झाल्यास तो खरवडून पूर्ण काढावा.

देवघराच्या भिंतीवर मात्र आधी पाणी लावू नका. काजळीला ओले फडके लागले की ती पसरते आणि भिंतीत अधिक मुरते. मऊ कोरड्या ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने सुटी काजळी काढून घ्यावी आणि मगच सोड्याचे पाणी वापरावे.

भिंती पूर्ण वाळल्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ करायच्या, म्हणजे सॉल्व्हंट-बेस्ड प्रायमरचा एक सलग हात छतासह सगळीकडे द्यावा. यात पाणी नसल्यामुळे डाग विरघळत नाही, तो खालीच कोंडला जातो. लाखेपासून बनवलेले डागरोधक प्रायमरही या कामाला उत्तम असते. ते स्पिरिटमध्ये विरघळवलेले असल्याने लवकर वाळते आणि वासही चांगला अडवते. खड्डे बुजवायचे असतील तर ते या प्रायमरनंतर ॲक्रिलिक लांबीने बुजवावेत, कारण पांढऱ्या सिमेंटची पुट्टी जुन्या रंगावर नीट धरत नाही. त्यावर पुन्हा प्रायमर आणि मग आपल्या आवडीचे इमल्शन. रंगाऱ्याची खात्री पटत नसेल, तर छताच्या सर्वांत पिवळ्या भागात एक फूट चौकोनावर त्याच्या पद्धतीने आणि शेजारच्या चौकोनावर या पद्धतीने रंग देऊन आठवडाभर थांबा. वादविवादापेक्षा हा उपाय बरा.

भिंतीला ओल असेल, तर हे प्रायमर तिच्यावर फुगून पोपडे धरेल. बाथरूमच्या बाजूला तपकिरी कडेचा डाग आणि त्यावर पांढरा खार दिसला, तर तो धुराचा नसून गळतीचा आहे असे समजावे आणि आधी गळती थांबवावी.

घरात लहान मूल आहे, म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगतो. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग, विशेषतः दारे आणि ग्रिलवरचा ऑइल पेंट, कोरडा घासू नये; पाणी लावून घासावा आणि निघालेला चोथा ओल्या फडक्याने उचलावा. तसेच प्रायमरच्या वाफा पेट घेतात आणि श्वासालाही अपायकारक असतात. त्या दिवशी खिडक्या सताड उघड्या ठेवा, गॅस आणि दिवा पेटवू नका आणि वास पूर्ण जाईपर्यंत मुलाला तिथे नेऊ नका.

वासाचे मूळ केवळ भिंतींत नसते. अमेरिकेत सॅन डिएगो येथे झालेल्या एका अभ्यासात, धूम्रपान करणारे लोक घर सोडून गेल्यानंतर, साफसफाई होऊन आणि घर काही आठवडे रिकामे राहूनही, तिथल्या धुळीत आणि नव्याने राहायला आलेल्या धूम्रपान न करणाऱ्यांच्या बोटांवर निकोटीन आढळले. त्यामुळे जुन्या मालकांनी ठेवलेले पडदे, गाद्या आणि सतरंज्या मोह न धरता काढून टाकाव्यात. पंख्याची पाती, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, दारांच्या वरच्या कडा सोड्याच्या पाण्याने पुसाव्यात. मेन स्विच बंद करून स्विचबोर्डाच्या प्लेटा काढून धुवाव्यात. एसी असेल, तर फक्त जाळी न धुता आतल्या कॉइलसह सर्व्हिसिंग करून घ्यावे, नाहीतर पहिल्याच दिवशी तोच वास खोलीभर पसरेल. कपाटांच्या आतले प्लायवूड न रंगवता तसेच सोडलेले असते आणि धूर तिथे खोलवर मुरतो. ते पुसून, वाळवून सुताराकडून आतून लाखेचे पॉलिश करून घ्यावे.

दसऱ्यापर्यंत सगळे घर होणार नसेल, तर हॉल आणि मूल झोपणार ती खोली आधी पूर्ण करा. स्वयंपाकघर मागे ठेवले तरी चालेल, पण त्याचे धुणे मात्र राहायला जाण्यापूर्वीच उरकून घ्या, कारण सामान लागल्यावर भिंती पुन्हा मोकळ्या मिळणे कठीण असते.