होणारं सासर कॅथलिक आहे आणि मी हिंदू, लग्नानंतर कसं निभावणार?

ताई, तुम्ही विचारलंय की धर्म बदलावा लागेल का आणि रोज संध्याकाळी त्यांच्या प्रार्थनेला बसायचं का. माझं माहेर माळकरी आणि सासर वसईचं कॅथलिक, म्हणून लिहितेय.

धर्म बदलायची अजिबात गरज नाही. १९५४ च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली ३० दिवसांची नोटीस देऊन रजिस्टर लग्न होतं, आणि चर्चमध्येच हवं असा त्यांचा हट्ट असेल तरी तुम्ही बाप्तिस्मा न घेता होऊ शकतं, फक्त फादरच्या मार्फत बिशपांची परवानगी काढावी लागते. पण इथे नीट लक्ष द्या हं. त्या परवानगीसाठी नवऱ्यामुलाला वचन द्यावं लागतं की मुलांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून मी माझ्याकडून होईल ते सगळं करीन, आणि हे वचन तुमच्या कानावर घालायचं हेही चर्चच्या नियमातच आहे. म्हणजे खरा प्रश्न प्रार्थनेचा नाहीच, मुलांचा आहे, आणि तो तुम्ही दोघांनी आत्ता बसून बोला, नंतर बघू म्हणून सोडला की बाळ झाल्यावर दोन्ही घरं हट्टाला पेटतात आणि मधे भरडली जाते ती आई.

रोझरीला, म्हणजे संध्याकाळच्या त्या माळेच्या प्रार्थनेला, मी बसते. आमच्याकडे ती मराठीतच असते, आणि हरिपाठात वाढलेल्या माणसाला एकच नाव परत परत घेत बसणं परकं वाटत नाही हो. मिस्सालाही, म्हणजे चर्चमधल्या उपासनेलाही, जाते पण कम्युनियन, म्हणजे तिथे देतात ती पवित्र भाकर, घेत नाही, ते त्यांच्यातल्यांसाठीच असतं, आणि मनात श्रद्धा नसताना घेणं हा त्यांच्या देवाचा अपमान आहे असं मला मनापासून वाटतं. हे मी सासूबाईंना सरळ सांगितलं तर त्यांना ते आवडलंच, आता एकादशीला माझा साबुदाणा त्याच भिजवतात आणि गुड फ्रायडेला त्यांच्याबरोबर मीही एकवेळ जेवते.

नातेवाईकांपैकी कोणी धर्मांतराचा विषय काढलाच तर उत्तर नवऱ्याने द्यायचं, तुम्ही नाही. सुनेने बोललं की उर्मटपणा होतो, मुलाने बोललं की घरातलीच गोष्ट राहते. आणि तुमचा देव्हारा कुठे असेल तेही लग्नाआधीच विचारून घ्या.