नवीन पोर्टेबल हार्ड डिस्कची दोन पार्टिशनं करून एकात बॅकअप ठेवला तर चालेल का?

नाही चालणार. तुमचा पूर्ण प्रश्न असा आहे: 2 टीबीची पोर्टेबल डिस्क घेतोय, घरी विंडोज लॅपटॉप, ऑफिसात मॅक आणि हॉलमध्ये टीव्ही, तिन्हीकडे चालायला हवी, कोणता फॉरमॅट करू, आणि अर्ध्या डिस्कवर मूळ फोटो नि अर्ध्यावर त्यांचा बॅकअप ठेवू का? फॉरमॅटकडे नंतर येतो. आधी हे पार्टिशनचं खूळ डोक्यातून काढा. एकाच पाकिटाला दोन कप्पे असले म्हणून विरार लोकलमधला पाकीटमार एक कप्पा मागे ठेवून जात नाही.

डिस्क उघडून पाहिलीत तर (उघडू नका) आत फिरणाऱ्या चकत्या एकाच दांड्यावर, वाचणारी-लिहिणारी टोकं म्हणजे हेड्स एकाच हातावर, खाली सर्किट बोर्ड एक आणि यूएसबी सॉकेटही एकच. पार्टिशन ही फक्त डिस्कच्या सुरुवातीला लिहिलेली नोंद असते, की अमुक सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटासा कप्पा) तमुक सेक्टरपर्यंत हा भाग. डिस्क चालू असताना टेबलावरून पडली, बोर्ड जळला, सॉकेट उखडलं, की दोन्ही भाग एकदम जातात.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, गेलेला डेटा परत काढून द्यायच्या आमच्या टेबलावर दादरच्या एका फोटोग्राफरची अशीच डिस्क आली होती. लग्नांचं काम. 2 टीबीची, 931 जीबीची दोन पार्टिशनं, दोन्ही एक्सफॅट (फाइली मांडायची एक पद्धत, म्हणजे फॉरमॅट), नावं ‘मेन’ आणि ‘बॅकअप’. ही मांडणी आमच्याच मजल्यावरच्या एका शेजारी दुकानदाराने करून दिलेली. घरच्यांना लग्नाचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवायचा म्हणून डिस्क टीव्हीला लावली. त्या टीव्हीत कार्यक्रम रेकॉर्ड करायची सोय होती. त्याने विचारलं, रेकॉर्डिंगसाठी हे डिव्हाइस तयार करायचं का? रिमोट ज्याच्या हातात होता त्याने ओके दाबलं. टीव्ही पार्टिशन बिर्टिशन बघत नाही, अख्खी डिस्क आपली समजतो. पार्टिशनची नोंद पुसली आणि आपल्या पद्धतीची नवी मांडणी लिहून मोकळा झाला.

डिस्क आणली तेव्हा वाक्य एकच: “बॅकअप आहे ना, तेवढा काढून द्या.”

अशा वेळी मूळ डिस्कवर काहीच चालवायचं नसतं. आधी दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर सेक्टर टू सेक्टर इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल घ्यायची, आणि पुढची सगळी झटापट त्या इमेजवर करायची. इमेज स्कॅन केल्यावर मधोमधून सुरू होणारं ‘बॅकअप’ पार्टिशन जवळजवळ जसंच्या तसं सापडलं. टीव्हीने बरंचसं लिखाण डिस्कच्या सुरुवातीच्या भागात केलं होतं. ‘मेन’चा मात्र बोजवारा. एक्सफॅटमध्ये बूट सेक्टरची, म्हणजे पार्टिशनची मांडणी सांगणाऱ्या पहिल्या सेक्टरची, राखीव प्रत असते, पण ती मूळ प्रतीला चिकटून, 12व्या सेक्टरपासून ठेवलेली असते. त्यामुळे सुरुवात पुसली गेली की मूळही जातं नि राखीवही. एनटीएफएस हा विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट आपली प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरला ठेवतं.

मग ‘मेन’साठी फोटोरेक हे हरवलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवावं लागलं. ते फाइलच्या डोक्यावरची खूण ओळखून फाइल उचलतं, पण तिला मूळ नाव किंवा फोल्डर देऊ शकत नाही. बाहेर येतात त्या एफ अक्षर आणि पुढे सेक्टरचा लांबलचक आकडा अशा नावाच्या हजारो फाइली. जेपेगमध्ये फोटो काढल्याची तारीख आतच लिहिलेली असते, त्यावरून लग्नं वेगळी करता आली. व्हिडिओंपैकी ज्यांचे तुकडे डिस्कवर विखुरलेले होते ते गेले ते गेलेच.

आता तो शेजारी आजही जिन्यात भेटला की म्हणतो, “बघा, दुसरं पार्टिशन होतं म्हणून वाचलं ना!” वाचलं, पण त्यात सापडलं काय? शेवटच्या हंगामातलं एकही लग्न नव्हतं. कारण एकाच डिस्कवर इकडून तिकडे कॉपी करणं म्हणजे हेडने एकदा इथे वाचायचं, एकदा तिथे जाऊन लिहायचं. एरवी सेकंदाला 100-120 एमबी देणारी डिस्क 30-40 वर येते. त्यात आजच्या बहुतेक मोठ्या पोर्टेबल डिस्क एसएमआर पद्धतीच्या, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले. सलग खूप लिहिलं की आतली तात्पुरती जागा भरते आणि वेग आणखी कोसळतो. रात्री लग्न उरकून आलेला माणूस 200 जीबी कॉपी व्हायची वाट बघत बसत नाही. तो ‘उद्या करू’ म्हणतो. दुसरं पार्टिशन असलं की बॅकअप आहे असं वाटत राहतं, माझा आक्षेप नेमका त्याला आहे.

तेव्हा दोन डिस्क घ्या. एक 2 टीबीची घेण्याऐवजी 1 टीबीच्या दोन घेतल्या तरी चालेल. एक तुमच्याकडे, दुसरी भावाकडे किंवा सासरी, वेगळ्या घरात. दोन्ही कायम लॅपटॉपला जोडून ठेवू नका, रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर जोडलेलं सगळं कुलूपबंद करतं.

आता डिस्क लावण्याबद्दल. विंडोजमध्ये 2 टीबीची डिस्क 1.81 टीबी दिसेल. दुकानदाराने फसवलं नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या. दुकानातून निघायच्या आधी खोक्यावरचा आणि डिस्कवरचा सीरियल नंबर जुळतो का बघा, जीएसटीचं बिल घ्या, आणि तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी भारतातली आहे का ते तपासा. वॉरंटी डिस्कची असते, आतल्या फोटोंची नाही.

घरी आल्यावर लगेच फोटो ओतू नका. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. नव्या डिस्कचे पॉवर ऑन अवर्स शून्याच्या आसपास हवेत. शेकड्यात असतील तर ती कुणाकडून तरी फिरून आलीय. मग 05, सी5 आणि सी6 या खराब सेक्टर मोजणाऱ्या तीन ओळी बघा. तिथले आकडे मुळात हेक्समध्ये (16 च्या पटीत) दिसतात, फंक्शन मेन्यूत ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये रॉ व्हॅल्यूज दशमानात करून घ्या. तिन्ही शून्य हवेत. त्यानंतर डिस्कवर राइट क्लिक, फॉरमॅट, आणि ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून टाका. यात अख्ख्या डिस्कवर शून्य लिहिले जातात. 2 टीबीला साडेपाच-सहा तास धरा. रात्री लावा, लॅपटॉप चार्जरवर ठेवा, स्लीप बंद करा, झाकण मिटू नका. सकाळी परत त्या तीन ओळी बघा. एकही आकडा हलला असेल तर डिस्क त्याच दिवशी परत करा. हा एक रात्रीचा आळस लोक करतात आणि सहा महिन्यांनी आमच्याकडे येतात.

केबलवरून आणखी एक गोंधळ होतो. तुमच्या डिस्कला चपटी, दोन भागांची रुंद पिन असेल तर तिच्या मोठ्या भागात जुन्या फोनची चार्जिंग केबल बसते आणि डिस्क चालतेही. पण यूएसबी 2 च्या वेगाने. 500 जीबीला सव्वा तासाऐवजी चार तास. शिवाय यूएसबी 2 चा पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, यूएसबी 3 चा 900. चकती फिरायला सुरुवात होताना डिस्क जास्त करंट ओढते. तो मिळाला नाही की टिक-टिक आवाज येतो, डिस्क दिसते-नाहीशी होते. डेस्कटॉपच्या पुढचे पोर्ट आणि स्वस्तातले हब यात पटाईत. म्हणून टिक-टिक ऐकू आली तर आधी मागचा पोर्ट आणि कंपनीची आखूड केबल लावून बघा. तरीही तोच आवाज असेल तर लगेच काढा, पुन्हा पुन्हा लावून बघू नका, विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका. हेड चकतीला घासत असेल तर प्रत्येक मिनिटाला थोडे थोडे फोटो खरवडले जातात.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि बाइट्समधला आकार जुळतो का पाहा. कॉपीसाठी टेराकॉपी हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर व्हेरिफाय चालू ठेवा. दोन फोल्डर सारखे ठेवायला फ्रीफाइलसिंक चांगलं आहे, फक्त ‘मिरर’ म्हणजे काय ते समजून दाबा: डावीकडे जे नाही ते उजवीकडूनही पुसलं जातं. लॅपटॉपवरून चुकून फोल्डर उडवलात आणि मग मिरर केलंत तर बॅकअपमधूनही तो नाहीसा होईल.

फॉरमॅटविषयी माझं मत आमच्या शेजाऱ्याला पाठ आहे. “एक्सफॅट कर, सगळीकडे चालतं” असं सांगणं म्हणजे हात झटकणं. एक्सफॅट पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या कार्डांसाठी आहे. त्यात जर्नल नाही. अर्धवट राहिलेलं काम कुठपर्यंत आलं होतं याची नोंद ते ठेवत नाही. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली तेव्हा डेस्कटॉपला लावलेल्या ज्या डिस्कवर कॉपी चालू होती, त्यांच्यासाठी हा फरक कागदावरचा नव्हता. एनटीएफएस अशा धक्क्यातून बहुतेक वेळा स्वतःला सावरतं. फाटकं काही राहिलंच तर नुकतीच लिहीत असलेली फाइल. म्हणून विंडोजवाल्याने एनटीएफएसच ठेवावं.

तुमच्याकडे मॅक आहे हे मी विसरलेलो नाही. मॅक एनटीएफएस वाचतो, त्यावर लिहीत नाही. तेव्हा ठरवा: ऑफिसात फोटो नुसते बघायचेत की तिथून डिस्कवर काही टाकायचंय? बघायचेच असतील तर एनटीएफएस पुरेल. टाकायचंही असेल तर, हो, एक्सफॅट करावं लागेल आणि शेजारी खूश होईल. मग ते विंडोजवर करा. मॅकवर केलेली एक्सफॅट डिस्क कधी कधी विंडोजला दिसत नाही. दोन्हीकडे इजेक्ट केल्याशिवाय केबल काढू नका. विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून क्विक रिमूव्हल (इजेक्ट न करता डिस्क काढायची सोय) मुळातच चालू असतं, पण कॉपी चालू असताना त्याचा काही उपयोग नाही. दुसरी, बॅकअपची डिस्क मात्र एनटीएफएस. एफएटी32 चा विचारच नको, त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

मॅकने कधी “ही डिस्क वाचता येत नाही” म्हटलं तर इजेक्ट दाबा, इनिशियलाइज नव्हे. विंडोजने “वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा” म्हटलं तरी कॅन्सल. आणि ऑफिसच्या मॅकवर बाहेरची डिस्क लावायची परवानगी आहे का, ते आयटीवाल्यांना आधीच विचारा. बऱ्याच ठिकाणी ती नसते, मग हा सगळा एक्सफॅटचा काथ्याकूट फुकटच.

पावसाळ्याचं एक. दिवसभर एसीत थंड झालेली डिस्क बॅगेतून काढून जुलैच्या दमट हवेत लगेच चालू करू नका, बाहेरून-आतून दव धरतं. अर्धा-एक तास बॅगेतच राहू द्या. ठेवायची असेल तेव्हा झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाका, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा लावून चालवा. डिस्कच्या अंगावर कुठे बारीक छिद्र दिसलं तर त्यावर स्टिकर चिकटवू नका, आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहायला ते ठेवलेलं असतं.

राहिला टीव्ही. आताचे बहुतेक टीव्ही एनटीएफएस वाचतात, एक्सफॅट सगळेच वाचत नाहीत, काही जुने जीपीटी (पार्टिशन नोंदवायची नवी पद्धत) डिस्क ओळखतच नाहीत; तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघा. पण फोटोंची डिस्क टीव्हीला लावूच नका असं माझं सांगणं आहे. हवे ते सिनेमे 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका आणि तो लावून ठेवा. मग टीव्हीने काहीही विचारलं आणि घरात कुणीही ओके दाबलं तरी बिघडत नाही.