पणजोबा म्युनिसिपालटीत मेंबर आणि फ्रीमेसन: नोंदी कुठे मिळतील?

तुमची पोस्ट वाचून आमच्याच घरची गोष्ट वाटली. तुमचे पणजोबा १९१५च्या सुमारास म्युनिसिपालटीत मेंबर, ट्रंकेत फ्रीमेसनांची (ही एक जुनी बंधुसंघटना) गुण्या-कर्कटकाची खूण असलेलं पदक, नगरपालिका म्हणते ‘जुनं रेकॉर्ड नाही’, आणि तुम्ही विचारताय की त्यांच्या नोंदी कुठे मिळतील. वंशावळ, दाखले वगैरे तुम्ही केलंच असेल, ते सोडतो.

‘नाही’वर विश्वास ठेवू नका. आम्हालाही आधी पूर, मग वाळवी, मग ‘तहसीलला विचारा’ असं करत गोल फिरवलं. आम्ही अर्जात पणजोबांचं नाव घालून ‘यांची माहिती द्या’ म्हणत होतो. तिथे नावावरून काहीच लावलेलं नसतं, त्यामुळे ‘माहिती उपलब्ध नाही’ असा शेरा मारायला ते मोकळे. पण एकाही साहेबाने ‘अहो, प्रोसिडिंग बुक (सभेच्या कामकाजाची वही) मागा’ एवढं सांगू नये? वह्या पाणीपट्टीच्या खिडकीमागच्या खोलीत, लाल रुमालात बांधून, वर्षवार पडलेल्या होत्या! एका निवृत्त शिपायाने सांगितलं म्हणून कळलं.

तेव्हा अर्ज असा करा: ‘सन अमुक ते तमुकची सर्वसाधारण सभेची प्रोसिडिंग बुकं पाहू द्यावीत.’ माहिती अधिकारात (२००५) नुसती पाहणीही मागता येते. रेकॉर्ड दुसऱ्या कार्यालयात असेल तर कलम ६(३) प्रमाणे अर्ज त्यांनीच ५ दिवसांत तिकडे पाठवायचा असतो, तुम्ही हेलपाटे घालायचे नाहीत. मी वकील नाही, तरी आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

वहीत आडनाव शोधत बसू नका. आमच्याकडे हजेरीत फक्त ‘रा. रा.’, स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव. काही पानं मोडीत, म्हणून वाचणारा माणूस सोबत न्या. रस्त्यावरच्या रॉकेलच्या कंदिलांच्या मक्त्याला पणजोबांनी हरकत घेतल्याचं त्यातच सापडलं. आणि घरात सगळे ‘बिनविरोध निवडून आले’ म्हणायचे, ते निघाले सरकारनियुक्त. मुंबई सरकारच्या गॅझेटातल्या नेमणुकाही म्हणून चाळा. ‘रावसाहेब’ म्हणत असतील तर तेही तपासा. खरा किताब असेल तर नववर्षाच्या किंवा बादशहाच्या वाढदिवसाच्या यादीत नाव हवं, नाहीतर ते गावाने प्रेमाने दिलेलं.

आता पदक. पुसायच्या आधी मागची बाजू भिंगाखाली धरा. लॉजचं (म्हणजे फ्रीमेसनांच्या स्थानिक शाखेचं) नाव, नंबर आणि ‘ई.सी.’ की ‘एस.सी.’ हे कोरलेलं असू शकतं. ई.सी. म्हणजे इंग्लंडच्या ग्रँड लॉजखालचं (ग्रँड लॉज म्हणजे सगळ्या लॉजांवरची मुख्य संस्था). त्यांची १७५१ ते १९२१ची सभासद रजिस्टरं अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या वेबसाइटवर आहेत, त्यात बहुतेक वेळा वय, धंदा आणि दीक्षेची तारीखही मिळते. एस.सी. म्हणजे स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजखालचं, ती लॉजं त्यात नाहीत. मुंबईतलं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’, १८४३ साली भारतीय लोकांसाठी काढलेलं, तेही स्कॉटलंडचंच. अशा वेळी एडिंबरोला, स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजला, ईमेल करावा. भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज १९६१ची, त्यामुळे तुमच्या काळासाठी सुरुवात तिथून करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही, पण ज्यांना वेगळा अनुभव असेल त्यांनी सांगावं.

पदकाच्या मागच्या बाजूचा फोटो इथे टाका, नंबर वाचून बघू.